घोड्याचं तोंड: सफाचट की मिश्या राखून?

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की आमच्या खानदेशातल्या घोडेवाल्यांत एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. रिंगणात न्यायच्या आधी घोड्याचं तोंड पूर्ण साफ करायचं, की मिश्या तशाच ठेवून बाकीचं नीटनेटकं करायचं? आयाळ, शेपूट, खूर, खरारा यांवर कोणी फारसं भांडत नाही. भांडण होतं ते नाकपुड्यांच्या, ओठांच्या आणि डोळ्यांच्या भोवतीच्या त्या लांब, राठ केसांवरून. मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल कुठे आहे तो लपणार नाहीच, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, म्हणून ते आधी मांडतो. त्याहीआधी नियमाचं बोलू, कारण काहींचा निर्णय तिथेच संपतो.

तुम्ही ड्रेसेज, शो जम्पिंग, इव्हेंटिंग किंवा एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची दौड) अशा घोडेस्वारीच्या खेळांकडे वळणार असाल आणि स्पर्धा एफईआय या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांखाली असेल, तर निवड उरतच नाही. १ जुलै २०२१ पासून ज्या घोड्याच्या मिश्या कापल्या, भादरल्या किंवा उपटल्या असतील त्याला त्या स्पर्धांत उतरता येत नाही. सूट आहे ती डॉक्टरांसाठी: घोड्याला वेदना किंवा त्रास होऊ नये म्हणून पशुवैद्यकाने एखादा केस काढला, किंवा उपचारासाठी तेवढी जागा साफ करावी लागली, तर चालतं. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये तर ही बंदी त्याच्याही आधीपासून होती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण आणलं, ते याच नियमाच्या काळात. त्यामुळे ‘मिश्यांचा घोडा मोठ्या मैदानात शोभत नाही’ असं कोणी म्हणालं, तर मला त्या पदकाची आठवण करून द्यावीशी वाटते.

आपल्याकडचं रिंगण वेगळं. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. तिथे बघणाऱ्याची नजर उंचीवर असते, मानेच्या बाकावर, कानांवर, रेवाल म्हणजे झपझप पण न हिंदकळणाऱ्या चालीवर, नाचावर, आणि अर्थातच अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा, कुठे आहे यावर तासभर वाद घालणारी माणसं मी पाहिलीत, मिश्यांवर शुभाशुभ सांगणारा मात्र अजून भेटायचाय. मिश्या आहेत म्हणून किंवा नाहीत म्हणून तिथे कोणाला मागे काढल्याचंही मी पाहिलेलं नाही. म्हणजे इथे खरोखरच तुमची मर्जी. बाहेरच्या एखाद्या शोला जाणार असाल, तर प्रवेश भरतानाच नियमाचा कागद मागून घ्या आणि ‘तोंडावरचे केस’ एवढा भाग तरी वाचा.

आता सफाचट तोंडाची बाजू. दिसायला ते सुरेख दिसतं, हे मान्य करायलाच हवं. मारवाडी किंवा काठियावाडी घोडी असेल तर केस गेल्यावर नाकपुडीची कड उठून दिसते, ओठ बारीक वाटतात, सगळा चेहरा कोरल्यासारखा होतो. फोटोत तर हा फरक जास्तच. हल्ली अर्धा सौदा मोबाइलवरच्या फोटोने होतो, गिऱ्हाईक यात्रेत येतं ते नक्की करायला. शिवाय साफ तोंड म्हणजे निगा, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलाय. आमच्या ओळखीचे एक अप्पा आहेत, आयुष्य घोड्यांत गेलेलं. आमच्या कुमेद (तांबूस-तपकिरी) घोडीकडे बघून त्यांनी सरळच विचारलं, “भाऊ, मिश्या कसाले ठेवतस? घोडं रानटी दिसस ना!” अप्पांच्या नजरेबद्दल मला आदर आहे. त्यांनी हात लावून निवडलेलं शिंगरू सहसा वाया जात नाही. त्यामुळे ‘जुन्या लोकांना काही कळत नाही’ या थाटात मी हे लिहीत नाहीये.

साफ करायचंच ठरलं तर वस्तरा की मशीन? इथे मला फार वेळ घालवायचा नाही. वस्तऱ्याने तोंड गुळगुळीत होतं, पण घोड्याने ओठ हलवला की चीर पडते, आणि घोडा ओठ हलवतोच. त्याहून वाईट म्हणजे यात्रेत एकच वस्तरा दहा तोंडांवरून फिरतो. नायटा असाच पसरतो, कोवळ्या शिंगरांच्या ओठांवरचे चामखीळही. आपण ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचे दाखले काढून हिंडतो आणि पाण्याची बादली, तोबरा, वस्तरा मात्र शेजाऱ्याचा वापरतो, हे मला कधी समजलेलं नाही. मशीन त्या मानाने बरं. बॅटरीवरचं, कमी आवाजाचं घ्या, पाती तापली की थांबा, घोड्याच्या ओठाला लावण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. बास.

मशीनने केलेलं काम पहिल्या दिवशी खरंच छान दिसतं. खरी कटकट पुढे आहे, आणि माझ्यापुरता निकाल त्या कटकटीनेच लावला.

त्या केसांना खुंट फुटतात. मिश्यांचा केस मुळात जाड, त्यामुळे उगवताना तो दाढीच्या खुंटासारखा टोचरा येतो आणि काळ्या ओठावरही जाणवतो. म्हणजे एकदा साफ केलं की संपत नाही. यात्रा, मग कोणाच्या तरी लग्नाची वरात, मग पुढचा मेळा, दर वेळी पुन्हा मशीन. आमची घोडी स्वभावाने गरीब. पण तोंडाशी मशीन आणि डोळ्याशेजारी हात, हे तिला पटेना. पहिल्यांदा तिने मान वर केली, आम्ही समजावलं. पुढे मोतद्दाराला, म्हणजे घोडं सांभाळणाऱ्या गड्याला, एका हाताने कान धरावा लागला. त्याच्याही पुढे वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यावा लागला. ज्यांनी पीळ देऊन घोडं उभं केलंय त्यांना ठाऊक असेल, त्या वेळी ते उभं राहतं खरं, पण हिशोब लक्षात ठेवतं.

आमच्याकडे तो हिशोब रोज सकाळी चुकता व्हायला लागला, मोहरकी, म्हणजे तोंडावरचा बांधायचा पट्टा, घालताना. आधी घोडी स्वतःहून मान खाली करून मोहरकीत तोंड घालायची. आता हात नाकाच्या दिशेने गेला की मान आढ्याला. घोडी उंच, आमचा धाकटा भाऊ जेमतेम पाच फूट. तो बादलीवर चढून मोहरकी घालायचा, बादली सरकायची, दादर ज्वारीचा कडबा पायाखाली जायचा, मोतद्दार शिव्या द्यायचा आणि घोडी त्या शिव्यांनी आणखी बिथरायची. लगामाचं तर विचारूच नका. रिंगणात तोंड चकचकीत दिसावं म्हणून केलेल्या कामामुळे रिंगणाच्या दारात, चार लोकांसमोर लगाम चढेना. अशा वेळी ओठाच्या नजाकतीकडे कोण बघतो? सगळे तुमच्या झटापटीकडे बघतात.

कोणी म्हणेल, हा मशीनचा दोष नाही, सवय नीट लावली नाही. असेलही. शांतपणे, थोडं थोडं, गूळ-चण्याच्या साथीने मशीनची सवय लावलेले घोडे मी पाहिलेत, ते डोळे मिटून उभे राहतात. तुमच्याकडे तसा घोडा असेल, तसा धीराचा माणूस असेल, तर माझी ही अडचण तुमची नाही. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, आणि सकाळची ती पंधरा मिनिटं मला फार महाग वाटायला लागली. मशीन तोंडापासून दूर ठेवलं तेव्हा दत्तजयंती नुकतीच झाली होती. घोडी आपणहून मान खाली घालायला लागली ती होळी उलटून गेल्यावर.

मिश्या कशासाठी असतात ही माहिती मी नंतर गोळा केली, आणि मग आधी पाहिलेल्या काही गोष्टींचा अर्थ लागला. अंगावरचा केस आणि मिशीचा केस यांची मुळं सारखी नसतात. मिशीचं मूळ खोल असतं, त्याभोवती रक्ताने भरलेली पिशवी असते आणि मज्जातंतूंचं दाट जाळं. टोकाला जरा धक्का लागला तरी मुळाशी कळतं. शिंगरू जन्मतं तेच मिश्या घेऊन. आईच्या पोटात अंगावरच्या केसांआधी या उगवतात. आणि घोड्याला नेमकं स्वतःच्या नाकाखालचं, ओठांसमोरचं दिसत नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मागचं बरंचसं दिसतं, पण ओठ कशाला टेकतायत ते दिसत नाही. अंधारात आपण फडताळातला मिठाचा डबा बोटांनी चाचपतो, तसं ते चारा चाचपतं.

खानदेशात ही गोष्ट जरा जास्तच लागू पडते, असं माझं मत. मळ्यावरच्या तबेल्यात पहाटेचं खाणं-पाणी बहुधा अंधारातच होतं. साफ केलेल्या दिवसांत आमची घोडी गव्हाणीच्या कडेला ओठ आपटायची, पाण्यात नाकपुड्या जरा जास्तच खोल घालायची आणि फुर्रकन फुंकून पाणी उडवायची. हे मिश्यांमुळेच, असं छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तेव्हा ती एकूणच बिथरलेली होती. तोबऱ्यात खाणाऱ्या घोड्याला इतकं अडत नाही, कारण तोंड आपोआपच दाण्यापर्यंत पोचतं. पण मोकळ्यावर चरणाऱ्या घोड्याचं काय? बांधाला वेडी बाभूळ, रानडुकरांसाठी झटका मशीनची तार, कुंपणाला जुन्या काटेरी तारेचे तुकडे. तिथे ओठ टेकण्याआधी काही तरी टेकलेलं बरं.

डोळ्याभोवतीच्या लांब केसांबद्दल तर मी फारच हळवा झालोय. बाभळीचा काटा डोळ्यात गेलेलं घोडं ज्याने पाहिलंय त्याला कारण सांगावं लागत नाही. ओठांच्या मिश्या काढायच्याच असतील तर तुमची मर्जी, पण डोळ्यांच्या वरचे आणि खालचे ते आठ-दहा केस सोडाच. लांबून ते कोणाला दिसतही नाहीत.

मग मिश्या ठेवून तोंड नीट दिसतं का? दिसतं, फक्त कात्री कुठे चालवायची ते कळायला हवं. दत्तजयंतीला थंडी असते, घोड्याच्या अंगावर हिवाळ्याचा दाट केस आलेला असतो, आणि जबड्याखाली, दोन हाडांच्या मध्ये चांगलीच दाढी लोंबत असते. घोडं ‘रानटी’ दिसतं ते बरंचसं या दाढीमुळे, मिश्यांमुळे नव्हे. दाढीचा केस मऊ, झुपक्याने येणारा, फुंकर मारली तरी वाकणारा. मिशी एकेकटी, सुटी, ताठ, तारेसारखी. बोट फिरवलं की फरक हाताला कळतो. मी स्वतःपुरती हद्द आखून घेतलीय: हनुवटीमागे लगामाची साखळी जिथे बसते ती खोबण. तिच्या मागे कात्री आणि कंगवा, पुढे फक्त ओलं फडकं. दाढी कापताना कात्री आडवी लावू नका, पायऱ्या पडतात. कंगव्यावर केस घेऊन, केसाच्या दिशेने, थोडे थोडे. बोथट टोकाची, वाकडी कात्री मिळाली तर उत्तम. खराऱ्याच्या वेळी, घोडं अर्धवट पेंगत असताना हे काम उरकतं. कोणी कान धरायचा नाही, दोरी आणायची नाही.

गालफडावर हिवाळ्याचे लांब केस उठलेले असतील तर ते खराऱ्यानेच बरेच निघतात. कानामागे मोहरकीचा पट्टा बसतो तिथली आयाळ दोन बोटं काढली की पट्टा नीट बसतो आणि चेहरा मोकळा दिसतो. त्याहून जास्त काढू नका, देशी घोड्याला उजाड टाळू शोभत नाही.

कानांचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मारवाडी घोड्यात बघणारा आधी कानच बघतो. आत वळलेली, एकमेकांना भिडणारी टोकं हीच त्याची ओळख, आणि ती टोकं दिसावीत म्हणून लोक कानाच्या आतलं सगळं जंगल साफ करून टाकतात. मला ते पटत नाही. आतले केस धूळ अडवतात, माश्या अडवतात. तापीच्या वाळूत हजारो खुरांनी उडणारी धूळ आठवा आणि मग ठरवा. त्याऐवजी कान हळूच मिटायचा, दोन्ही कडा एकमेकींना लावायच्या, आणि कडेबाहेर जेवढे केस डोकावतात तेवढेच कापायचे. कान सोडला की कड सुरीने काढल्यासारखी स्वच्छ दिसते, टोकाचा बाक उठून येतो आणि आतलं आवरण जागेवर राहतं. अप्पांनीसुद्धा या कानांना नाव ठेवलं नाही. उलट, दोनदा हात फिरवून पाहिला.

रंगाचाही विचार करा. तुमच्याकडे नुकरा, म्हणजे पांढरा घोडा, असेल तर हा वाद जवळजवळ मिटलाच. त्याच्या मिश्या इतक्या फिकट की चार पावलांवरून दिसत नाहीत, मग काढायच्या कशाला? शिवाय गुलाबी कातडी. मशीन मिशीबरोबर भोवतालची बारीक लवही खाली आणतं, आणि उघड्या गुलाबी ओठावर आपलं ऊन बसलं की सालपटं निघतात. दत्तजयंतीला ते जाणवणार नाही, पण त्याच तोंडाने घोडं चैत्र-वैशाखातल्या वरातीत उभं राहणार असेल तर जरूर जाणवेल. पंचकल्याण, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या, घोड्याच्या नाकालाही हेच. कुमेद, काळा अशा गडद घोड्यांच्या तोंडावर मिश्या जास्त दिसतात, हे खरं. तिथे सफाचट करण्याचा मोह समजण्यासारखा आहे.

तेल लावून तोंड चमकवणाऱ्यांसाठी एक. खोबरेलाचा अगदी हलका हात, तोही रिंगणात जायच्या थोडा आधी, नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला. सकाळी लावलं तर दुपारपर्यंत त्यावर धुळीचा थर बसतो आणि मिश्या ठेवल्याचा सगळा दोष तुमच्यावर येतो. गुलाबी नाकाला भर उन्हात तेल नकोच.

मग कोणी काय करावं? घोडं फक्त विकायला नेताय, फोटो आधीच फिरलेत, गिऱ्हाईकाला गुळगुळीत तोंडच हवंय, आणि घोडं मशीनला शांत उभं राहतं: अशा माणसाला मी अडवणार नाही. डोळ्यांजवळचे केस तेवढे सोडा आणि वस्तरा टाळा. नाचाचं घोडं असेल, त्याचं तोंड सतत माणसांच्या हातात, लगामात, गजबजाटात असेल, तर तोंडाला हात लावू देणारं घोडं टिकवणं हे मला मिश्या काढण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. आणि घरची पैदास असेल, आज यात्रेत पण उद्या पोरगं त्याच घोडीवर एन्ड्युरन्सचा विचार करणार असेल, तर मशीन तोंडाकडे नेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. अशा घरात दोन्हीकडे चालतील अशा मिश्या ठेवलेल्या बऱ्या.

वेळेचंही लक्षात असू द्या. कापलेली मिशी चार दिवसांत येत नाही. पूर्ण लांबीची व्हायला आठवडे जातात, काहींच्या बाबतीत महिने. त्यामुळे हिवाळ्यात नियमाच्या स्पर्धेत उतरायचा नुसता विचार जरी असला, तरी पोळ्यानंतर तोंडाला मशीन लावू नका. दाढी आणि कानाच्या कडांचं काम यात्रेच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे कात्रीच्या खुणा मिसळून जातात. रिंगणाच्या सकाळी फडकं आणि कोमट पाणी एवढंच पुरतं.